उन्हाळी संशोधन कार्यक्रमासाठी परदेशी जाताना : कोकणातील विद्यार्थ्यांसाठी टप्प्याटप्प्याने मार्गदर्शन

युरोप आणि उत्तर अमेरिकेत जून ते ऑगस्ट हा विद्यापीठांच्या मोठ्या सुट्टीचा काळ असतो, आणि याच काळात तेथील अनेक संशोधन संस्था जगभरातील तरुण अभ्यासकांना काही आठवड्यांपासून तीन महिन्यांपर्यंतच्या मुदतीसाठी बोलावतात. कुठे वर्ग आणि व्याख्याने असतात, तर कुठे एखाद्या शास्त्रज्ञाच्या मार्गदर्शनाखाली प्रत्यक्ष संशोधन करायचे असते. मी पीएच.डी. करीत असताना व्हिएन्नाजवळच्या लाक्सेनबुर्ग येथील आयआयएएसए या संशोधन संस्थेच्या अशाच एका कार्यक्रमाला गेले होते. तेव्हापासून रत्नागिरी, चिपळूण, दापोली, सावंतवाडी, मालवण या भागांतील विद्यार्थी मला याविषयी विचारतात, आणि त्यांच्यापैकी बहुतेकांना कार्यक्रमाची माहिती मिळते तेव्हा अर्जाची मुदत संपून गेलेली असते. चांगली तयारी असलेली मुले केवळ वेळेचा आणि कागदपत्रांचा अंदाज नसल्यामुळे मागे राहतात, याचे मला मनापासून वाईट वाटते. म्हणून सर्व टप्पे क्रमाने लिहिले आहेत. हा लेख पदवीच्या दुसऱ्या वर्षापासून पीएच.डी.पर्यंतच्या विद्यार्थ्यांसाठी आहे. शुल्क आणि नियम बदलत असतात, त्यामुळे अर्ज करताना संबंधित संस्थेच्या आणि दूतावासाच्या संकेतस्थळावरील चालू वर्षाची माहिती वाचावीच.

१. सुरुवात गणपती उतरल्यावर करा

जून महिन्यात सुरू होणाऱ्या कार्यक्रमाची निवड आदल्या हिवाळ्यातच होते. कॅनडातील मायटॅक्स ग्लोबलिंक या पदवी विद्यार्थ्यांसाठीच्या संशोधन इंटर्नशिपचे अर्ज साधारणपणे आदल्या सप्टेंबरमध्येच बंद होतात. जर्मनीच्या डाड या शैक्षणिक देवाणघेवाण संस्थेच्या वाइज या उन्हाळी संशोधन योजनेची मुदत बहुधा नोव्हेंबरच्या सुरुवातीला असते, तर जिनिव्हाजवळच्या सर्न या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेचा आणि लाक्सेनबुर्गचा अर्ज जानेवारीत भरावा लागतो. मार्चमध्ये, परीक्षेचे वेळापत्रक लागल्यावर, ‘यंदा सुट्टीत कुठे जाता येईल’ असा विचार सुरू केला, तर नावाजलेल्या आणि खर्च देणाऱ्या जवळजवळ सर्व जागा तोपर्यंत भरलेल्या असतात.

आपल्याकडच्या वर्षाच्या हिशेबाने सांगायचे तर, गणपती ते दिवाळी या काळात कार्यक्रमांची यादी करावी, शिफारस देणाऱ्या शिक्षकांशी बोलावे आणि पासपोर्टचे काम पूर्ण करावे. दिवाळी ते मकरसंक्रांत हा सर्न, लाक्सेनबुर्ग यांसारखे जानेवारीतले अर्ज लिहिण्याचा काळ; मायटॅक्स आणि वाइजसाठी मात्र हे सर्व त्या त्या मुदतीआधीच उरकावे. शिमग्याच्या आसपास मुलाखती होतात आणि निकाल लागतात. एप्रिल-मे व्हिसासाठी ठेवावा, आणि मिरगाच्या सुमारास निघावे. यात एक अडचण खास आपली आहे. व्हिसासाठी वडिलांच्या सह्या, बँकेची कागदपत्रे आणि सात-बाराचे उतारे लागतात, तेव्हा नेमका आंब्याचा हंगाम भरात असतो आणि घरातील कोणालाही तालुक्याला जायला सवड नसते. त्यामुळे निकालाची वाट न पाहता ही कागदपत्रे फेब्रुवारीतच गोळा करायला लागावे. निवड झाली नाही, तर ती पुढील वर्षी उपयोगी पडतात; फक्त बँकेचा खातेउतारा तेवढा नव्याने घ्यावा लागतो.

२. कार्यक्रम पारखून घ्या

सर्व कार्यक्रम एकाच प्रकारचे नसतात. पहिला प्रकार संशोधनाचा : सर्नचा उन्हाळी विद्यार्थी कार्यक्रम, मायटॅक्स, वाइज, आणि लाक्सेनबुर्गच्या आयआयएएसए या संस्थेचा १९७७ पासून चालू असलेला यंग सायंटिस्ट्स समर प्रोग्राम हे यात मोडतात. लाक्सेनबुर्गला प्रामुख्याने पीएच.डी.चे विद्यार्थी जातात आणि जून ते ऑगस्ट असे तीन महिने स्वतःच मांडलेल्या प्रश्नावर तेथील शास्त्रज्ञांबरोबर काम करतात. हवामान, शेती, पाणी, मासेमारी, लोकसंख्या यांचा एकत्रित विचार करणाऱ्यांसाठी ही जागा फार चांगली आहे. वाइज योजनेसाठी मात्र ठरावीक संस्थांमधील विद्यार्थीच अर्ज करू शकतात. आपली संस्था त्या यादीत आहे का, हे सर्वांत आधी पाहावे.

दुसरा प्रकार अल्पकालीन शिक्षणवर्गांचा. इटलीतील त्रिएस्ते येथे भौतिकशास्त्रज्ञ अब्दुस सलाम यांनी १९६४ मध्ये स्थापन केलेले आयसीटीपी हे केंद्र भौतिकशास्त्र, गणित आणि हवामानशास्त्र या विषयांत असे वर्ग भरवते. बहुतेक वर्गांना नोंदणी शुल्क नसते आणि विकसनशील देशांतील काही जणांना प्रवास व निवासासाठी मदतही मिळते. लहान महाविद्यालयातून प्रथमच बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्याने इथून सुरुवात करावी, असे माझे मत आहे. जर्मनीतील लिंडाऊ येथे १९५१ पासून भरणाऱ्या नोबेल विजेत्यांच्या मेळाव्यासारखे उपक्रम हा तिसरा प्रकार. तिथे निवडीची पद्धत वेगळी आणि स्पर्धा फार मोठी असते.

चौथा प्रकार विद्यापीठांच्या सशुल्क उन्हाळी शाळांचा आहे. त्यांतील काही उत्तम असतात. तरी दोन आठवड्यांच्या सशुल्क वर्गासाठी कर्ज काढू नये किंवा घरचे सोने गहाण ठेवू नये, असे मी आग्रहाने सांगते. त्याच गुणवत्तेच्या विद्यार्थ्याला पुढच्या वर्षी खर्च देणारी जागा मिळू शकते.

याशिवाय, ‘आपली जागतिक युवा प्रतिनिधी म्हणून निवड झाली आहे’ असे ईमेल अनेकांना येतात. अर्ज न करता झालेली निवड, काही दिवसांत पैसे भरण्याचा तगादा, शिकवणाऱ्यांची नावे आणि त्यांच्या संस्था यांचा कुठेही उल्लेख नसणे, आणि एखाद्या हॉटेलातील सभागृहाचा पत्ता ही लक्षणे दिसली, तर उत्तरच देऊ नये. खऱ्या कार्यक्रमात मागील वर्षी कोण शिकवायला होते हे शोधता येते, आणि त्यांच्या विद्यापीठाच्या पानावर त्यांचा पत्ताही सापडतो.

३. विषय आपल्या किनाऱ्याचा निवडा

आपल्याकडचे विद्यार्थी अर्जात मोठे आणि मोघम विषय लिहितात : जागतिक तापमानवाढ, शाश्वत विकास, कृत्रिम बुद्धिमत्ता. निवड समितीसमोर असे शेकडो अर्ज असतात. उलट, हापूसच्या झाडाला थंडी पडल्यावर पुन्हा मोहोर येतो आणि त्यामुळे आधी धरलेली फळे गळतात, हा प्रश्न ज्याने बागेत उभे राहून पाहिला आहे, त्याच्याकडे इतर कोणाकडे नसलेली माहिती असते. सड्यावर पावसाळ्यातील काही आठवड्यांपुरत्या उगवणाऱ्या वनस्पती, खाड्यांतील कांदळवन, वेळासच्या किनाऱ्यावर अंडी घालायला येणारी ऑलिव्ह रिडले कासवे, २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य वारसा यादीत गेलेली कातळशिल्पे, मालवणच्या समुद्रातील प्रवाळ, खाजण जमिनींत शिरणारे खारे पाणी : यांपैकी कोणत्याही विषयावर नेमका प्रश्न मांडता आला, तर लहान महाविद्यालयाचे नाव आड येत नाही.

मात्र वेळेचा विचार इथेही करावा लागतो. सड्यावरील वनस्पतींचा अभ्यास करणारा विद्यार्थी जून ते ऑगस्ट बाहेर राहिला, तर त्याचा वर्षातला एकमेव हंगाम हातचा जातो. त्याने दोन-तीन आठवड्यांचा वर्गच निवडावा, किंवा आधीच्या दोन पावसाळ्यांची निरीक्षणे हाती असतील तेव्हाच लांबचा कार्यक्रम घ्यावा. मासेमारीवर काम करणाऱ्यांचे तसे नाही. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै मासेमारीची बंदी असल्याने बंदरावरील नोंदी या काळात तशाही थांबलेल्या असतात, आणि आधी जमवलेली माहिती घेऊन तिचे विश्लेषण करायला हेच दिवस योग्य ठरतात.

जीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांना एक गंभीर सूचना. वाळवलेले वनस्पती-नमुने, बिया, माती, ऊती किंवा डीएनए सामानात घालून नेऊ नयेत. जैवविविधता कायदा, २००२ नुसार भारतातील जैविक संसाधने परदेशी संस्थेला देण्यासाठी राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची परवानगी लागू शकते, आणि माती तर युरोपीय संघाच्या वनस्पती-आरोग्य नियमांतही बसत नाही. मोजमापे, छायाचित्रे आणि तक्ते न्यावेत, आणि तेही मार्गदर्शकांना विचारूनच.

४. अर्ज तयार करा

अर्जासाठी साधारणपणे पुढील गोष्टी लागतात :

– दोन पानांचा सी.व्ही.
– हेतूपत्र, आणि संशोधन कार्यक्रम असेल तर एक-दोन पानांचा प्रस्ताव
– आतापर्यंतच्या सर्व गुणपत्रिका किंवा विद्यापीठाची ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे सर्व गुणांचा एकत्रित अधिकृत दाखला
– दोन शिक्षकांची शिफारसपत्रे
– इंग्रजीच्या ज्ञानाचा पुरावा. अनेक ठिकाणी ‘शिक्षणाचे माध्यम इंग्रजी’ असे महाविद्यालयाचे पत्र चालते
– पासपोर्टच्या पहिल्या आणि शेवटच्या पानाची प्रत

हेतूपत्राची सुरुवात लहानपणापासूनच्या आवडीने करू नये. पहिल्याच परिच्छेदात तुमचा प्रश्न सांगावा, दुसऱ्यात तुम्ही आतापर्यंत त्यावर काय केले ते, आणि तिसऱ्यात याच संस्थेत, याच गटाबरोबर काम का करायचे आहे ते लिहावे. त्या गटातील किमान दोन शोधनिबंध वाचल्याशिवाय तिसरा परिच्छेद लिहिता येत नाही. तसा तो लिहिलाच, तर वाचणाऱ्याला ते लगेच कळते. रत्नागिरी नकाशावर कुठे आहे हे समितीला ठाऊक नसेल असे धरून एका वाक्यात भूगोल सांगावा, पण प्रदेशाची दोन परिच्छेद वर्णने करू नयेत.

शिफारसपत्राच्या बाबतीत सर्वाधिक अर्ज अडतात. बहुतेक ठिकाणी पत्र विद्यार्थ्याने जोडायचे नसते. पोर्टल शिक्षकांच्या ईमेलवर दुवा पाठवते आणि पत्र त्यांनाच चढवावे लागते. काही पोर्टल संस्थेच्या नावाचाच ईमेल पत्ता मागतात, आणि आपल्याकडील अनेक शिक्षकांचा रोजचा व्यवहार जीमेलवर असतो. महाविद्यालयाचा ईमेल चालू आहे का, त्याचा पासवर्ड कोणाकडे आहे, आणि स्पॅममध्ये काही अडकले आहे का, हे मुदतीच्या तीन आठवडे आधी सरांना किंवा मॅडमना नम्रपणे विचारून घ्यावे. सोबत तुमचा सी.व्ही., गुण, त्यांच्याकडे केलेल्या कामाचा पाच ओळींचा गोषवारा आणि मुदतीची तारीख एका कागदावर द्यावी. ‘तूच लिहून आण, मी सही करतो’ असे कोणी म्हटले, तर तेवढ्या वेळात प्रत्यक्ष प्रकल्पाच्या आठवणी त्यांच्याशी बोलून त्यांच्याकडूनच चार वाक्ये मिळवावीत. विद्यार्थ्याने लिहिलेले हेतूपत्र आणि त्यानेच लिहिलेले शिफारसपत्र यांची भाषा सारखी येते. प्राचार्यांच्या सहीच्या कोरड्या पत्रापेक्षा, तुम्हाला चिखलात उतरून नमुने गोळा करताना पाहिलेल्या शिक्षकांचे पत्र केव्हाही अधिक वजनदार असते.

विद्यापीठाची ट्रान्सक्रिप्ट हाती पडायला वेळ लागतो आणि त्यासाठी कधी मुंबईला जावे लागते, तेव्हा तो अर्ज दिवाळीपूर्वीच करावा. मुदतीची वेळ कोणत्या देशाच्या घड्याळाप्रमाणे आहे तेही पाहावे. हिवाळ्यात मध्य युरोप आपल्या साडेचार तास मागे असतो, म्हणजे तेथील मध्यरात्रीची मुदत आपल्याकडे दुसऱ्या दिवशी पहाटे साडेचारला संपते. असे असले तरी दोन दिवस आधीच अर्ज पाठवावा. शेवटच्या रात्री गावात वीज किंवा नेटवर्क गेल्यास दाद मागायला जागा नसते.

५. पासपोर्ट आणि नावाची जुळणी

साध्या पद्धतीने ३६ पानी पासपोर्टचे शुल्क १,५०० रुपये आहे, आणि तत्काळसाठी आणखी २,००० रुपये लागतात. अर्जातील सध्याचा पत्ता असा द्यावा, जिथे पोलीस पडताळणीच्या वेळी तुम्ही खरोखर सापडाल. वसतिगृहात राहणाऱ्या विद्यार्थ्याने गावचा पत्ता दिला, आणि पडताळणीच्या दिवशी तो मुंबईत असला, तर प्रकरण लांबते.

खरी गुंतागुंत नावाची असते. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी येते, आधार कार्डावर वडिलांचे नाव मध्ये असते, पदवीच्या कागदावर आईचेही नाव जोडलेले असते, आणि इंग्रजी स्पेलिंग प्रत्येक ठिकाणी थोडे वेगळे असते. पासपोर्टवरील नाव हेच यापुढे तुमचे नाव असे ठरवून अर्ज, निमंत्रणपत्र, विमा आणि विमानाचे तिकीट या सर्वांत अक्षरशः तेच लिहावे. जुन्या कागदांवरील स्पेलिंग बदलणे शक्य नसेल, तर ‘ही दोन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत’ असे प्रतिज्ञापत्र नोटरीकडून करून ठेवावे. विवाहानंतर नाव बदललेल्या संशोधक मैत्रिणींनी या टप्प्याला विशेष वेळ द्यावा.

शेंगेन देशांसाठी, म्हणजे युरोपातील ज्या देशांत एकाच व्हिसावर फिरता येते त्यांच्यासाठी, पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत दिलेला, परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध आणि दोन कोरी पाने असलेला लागतो.

६. मुलाखत

ती बहुतेक वेळा ऑनलाइन आणि अर्ध्या तासाची असते. नेटवर्कची खात्री असलेल्या ठिकाणी, शक्यतो महाविद्यालयात, आदल्या दिवशी जाऊन बसून पाहावे. प्रश्न तुमच्याच प्रस्तावावर विचारतात. एखादी गोष्ट येत नसेल, तर तसे सरळ सांगून ती कशी शोधाल हे सांगावे. पाठ केलेली उत्तरे तिकडे चटकन ओळखू येतात.

७. निवड झाल्यावर : परवानगी आणि पैसा

निवडीचे पत्र आले की प्रथम परीक्षेच्या तारखा तपासाव्यात, कारण विद्यापीठाच्या उन्हाळी परीक्षा कधी कधी जूनपर्यंत लांबतात. त्यानंतर महाविद्यालयाकडून बोनाफाईड प्रमाणपत्र आणि ना-हरकत पत्र घ्यावे. शिष्यवृत्ती घेणाऱ्या पीएच.डी. विद्यार्थ्यांना रजेची लेखी मंजुरी लागते. ती न घेता गेल्यास त्या महिन्यांची शिष्यवृत्ती अडकू शकते.

संस्था काय देणार आणि काय नाही, हे ईमेलने नेमके विचारून घ्यावे : विमानभाडे, निवास, जेवण, विमा, आणि पैसे आधी मिळणार की नंतर. तिकीट स्वतः काढून पावती दाखवल्यावर पैसे परत मिळणार असतील, तर तेवढी रक्कम उन्हाळ्यात घरी उपलब्ध असायला हवी. विज्ञानातील तरुण संशोधकांनी केंद्र सरकारच्या अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनच्या, म्हणजे पूर्वीच्या सर्बच्या, प्रवास-साहाय्य योजनेची माहिती घ्यावी. तसेच आपल्या विद्यापीठाचा प्रवासनिधी आणि आपल्या भागातील शिक्षण संस्थांचे न्यास यांच्याकडे चौकशी करावी. विचारायला संकोचू नये. गावातील मुलगी किंवा मुलगा अशा कार्यक्रमाला निवडला गेला आहे याचे आपल्याकडे लोकांना खरे अप्रूप असते.

परदेशी चलनाच्या नोटा एका प्रवासात बहुतेक देशांसाठी ३,००० डॉलरइतक्या नेता येतात. इतकी रोख नेण्याची गरज मात्र नाही. पहिल्या आठवड्यापुरते पैसे नोटांमध्ये आणि उरलेले फॉरेक्स कार्डावर, म्हणजे परकीय चलन आधी भरून ठेवायच्या बँक कार्डावर, ठेवावेत. भारतीय सिमवर आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू करूनच निघावे, कारण बँकेचा ओटीपी त्याच क्रमांकावर येतो आणि तो न आल्यास स्वतःचे पैसेही वापरता येत नाहीत.

८. व्हिसा

हा टप्पा मी सविस्तर लिहिते, कारण कोकणातील घरांची कागदपत्रे आणि दूतावासांच्या अपेक्षा यांत मोठे अंतर आहे.

प्रथम दिवस मोजावेत. शेंगेन देशांचा अल्पकालीन व्हिसा कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसांपर्यंतच राहू देतो, आणि पोहोचण्याचा व निघण्याचा दिवस त्यात धरला जातो. १ जून ते ३१ ऑगस्ट हे ‘तीन महिने’ प्रत्यक्षात ९२ दिवस होतात. अशा वेळी त्या देशाचा दीर्घकालीन राष्ट्रीय व्हिसा घ्यावा लागतो किंवा तारखा बदलून घ्याव्या लागतात. संस्थेला हे आधीच लिहून विचारावे. अमेरिकेतील संशोधन कार्यक्रमांसाठी बहुधा जे-१ हा शैक्षणिक देवाणघेवाणीसाठीचा व्हिसा लागतो. त्यासाठी यजमान संस्था डीएस-२०१९ हा कागद पाठवते, आणि मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातील वाणिज्य दूतावासात मुलाखत होते. काही जे-१ धारकांना नंतर दोन वर्षे मायदेशी राहण्याची अट लागू होते. पुढे तिकडेच शिकायचा विचार असेल, तर ती अट आपल्याला आहे का हे पाहून घ्यावे.

शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान १५ दिवस आधी करावाच लागतो. निर्णयाला साधारण १५ दिवस लागतात, काही प्रकरणांत ४५ पर्यंत. उन्हाळ्यात पर्यटकांची गर्दी असल्याने व्हिसा अर्ज केंद्रातील भेटीची वेळच आठवडे-आठवडे मिळत नाही, म्हणून निमंत्रणपत्र येताच वेळ घ्यावी. बोटांचे ठसे देण्यासाठी स्वतः जावे लागते; ते ५९ महिने ग्राह्य धरतात. कोणत्या केंद्रात जायचे हे तुमच्या वास्तव्याच्या पत्त्यावरून आणि त्या देशाच्या व्यवस्थेवरून ठरते. सावंतवाडी किंवा दोडामार्गहून पणजी जवळ आहे एवढ्यावरून तिथली वेळ घेऊ नये. आधी नियम पाहावा.

११ जून २०२४ पासून प्रौढांसाठी शेंगेन व्हिसाचे शुल्क ९० युरो आहे. परंतु शिक्षण किंवा प्रशिक्षणासाठी येणारे विद्यार्थी व पदव्युत्तर विद्यार्थी, आणि संशोधनासाठी येणारे संशोधक यांना शेंगेनच्या व्हिसा संहितेत या शुल्कातून सूट आहे. ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. निमंत्रणपत्रात कार्यक्रमाचे स्वरूप स्पष्ट लिहून घ्यावे आणि खिडकीवर ते पत्र दाखवून सूट मागावी. केंद्राचे सेवाशुल्क मात्र भरावेच लागते.

लागणारी कागदपत्रे :

– भरलेला अर्ज आणि ३५ × ४५ मिलिमीटरचे नवे छायाचित्र
– पासपोर्ट, जुने असल्यास तेही
– निमंत्रणपत्र : तारखा, कार्यक्रमाचे स्वरूप, खर्च कोण करणार आणि राहण्याचा पत्ता यांसह
– महाविद्यालयाचे बोनाफाईड आणि ना-हरकत पत्र, ज्यात तुम्ही परतल्यावर कोणत्या वर्षात शिकणार हे लिहिलेले असेल
– किमान ३०,००० युरोचे वैद्यकीय संरक्षण देणारा प्रवासविमा
– विमानाचे आरक्षण
– बँकेचे गेल्या तीन महिन्यांचे उतारे. काही देश सहा महिन्यांचे मागतात
– पालक खर्च करणार असतील, तर त्यांचे हमीपत्र आणि उत्पन्नाचे कागद

शेवटच्या मुद्द्यापाशी आंबा, काजू किंवा मासळीवर जगणारी कुटुंबे अडतात. शेतीचे उत्पन्न आयकरमुक्त असल्याने अनेक घरांत आयकर विवरणपत्रच नसते. पैसा वर्षातून एकदा, हंगामात येतो आणि त्यातला बराच रोख असतो. मे महिन्यात खात्यात एकदम दोन-तीन लाख जमा झालेले दिसले, की व्हिसा अधिकाऱ्याला ते उसने आणलेले पैसे वाटतात. यावर उपाय म्हणजे उत्पन्नाची गोष्ट कागदाने सांगणे. सात-बाराचा उतारा, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, वाशीच्या बाजारातील दलालाकडून आलेल्या गेल्या दोन-तीन हंगामांच्या विक्रीच्या पट्ट्या, सोसायटी किंवा बँकेच्या पीककर्जाचे कागद, आणि ‘आमचे उत्पन्न हंगामी असून एप्रिल-मेमध्ये खात्यात जमा होते’ असे वडिलांच्या सहीचे एक पानी पत्र जोडावे. दलालाला पैसे रोख न देता खात्यात भरायला सांगावे, तेही एक हंगाम आधीपासून. मच्छीमार कुटुंबांनी नौकेची नोंदणी, संस्थेचे सभासदत्व आणि मासळी खरेदीदारांच्या पावत्या याच पद्धतीने लावाव्यात. मराठी कागदांचे इंग्रजी भाषांतर करून घ्यावे आणि भाषांतरातील नावे पासपोर्टशी जुळतात का ते स्वतः तपासावे. व्हिसासाठी पैसे उसने घेऊन खात्यात दाखवू नयेत. खरे उत्पन्न नीट मांडले, तर ते पुरते, विशेषतः संस्था खर्च देत असेल तेव्हा.

व्हिसा हातात पडेपर्यंत परतावा न मिळणारे तिकीट विकत घेऊ नये. अर्जासाठी आरक्षण पुरेसे असते.

९. पावसात निघणे आणि सामान

प्रस्थान नेमके जूनमध्ये असते. कोकण रेल्वेचे पावसाळी वेळापत्रक जूनमध्ये लागू होते, गाड्या हळू धावतात, आणि दरड कोसळली तर मार्ग बंद होतो. महामार्गावर परशुराम आणि कशेडी घाटांची स्थिती पावसावर अवलंबून असते. म्हणून विमानाच्या किमान दोन दिवस आधी मुंबई किंवा ठाण्यात नातेवाइकांकडे पोहोचावे. रेल्वेचे आरक्षण आता ६० दिवस आधी उघडते, ती तारीख लिहून ठेवावी. सिंधुदुर्गातील विद्यार्थ्यांना मोपाचा विमानतळ जवळचा आहे. तिथून निघायचे झाल्यास पुढचे विमानही त्याच तिकिटावर घ्यावे, म्हणजे पहिले विमान उशिरा सुटले तर पुढची सोय करण्याची जबाबदारी विमान कंपनीवर राहते.

पासपोर्ट, निमंत्रणपत्र, विमा, औषधे आणि संशोधनाची माहिती असलेली हार्ड डिस्क हातातील पिशवीत, प्लास्टिकच्या बंद पाकिटात ठेवावी. औषधांबरोबर डॉक्टरांची इंग्रजी चिठ्ठी असावी. आंबे नेऊ नयेत. फळमाशी आढळल्यामुळे युरोपीय संघाने मे २०१४ मध्ये भारतीय आंब्याची आयात बंद केली होती आणि जानेवारी २०१५ मध्ये ती पुन्हा सुरू करण्याचे ठरवले. आजही वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्राशिवाय प्रवाशाला आंबा नेता येत नाही. तूप, खवा, पेढे अशा दुधाच्या पदार्थांनाही तिथे मनाई आहे. आमसुले, मेतकूट, कुळथाचे पीठ, मसाला हे कोरडे जिन्नस बंद पाकिटात, नाव लिहून न्यावेत आणि कोणी विचारल्यास न लपवता दाखवावेत.

१०. तिथे पोहोचल्यावर

निवासाची नोंदणी हा पहिला नियम. ऑस्ट्रियात राहायला गेल्यापासून तीन दिवसांत स्थानिक कार्यालयात पत्ता नोंदवावा लागतो, जर्मनीत मुक्काम लांबचा असेल तर साधारण दोन आठवड्यांत. इतर देशांचे नियम संस्थेला विचारावेत. ऑस्ट्रियात रविवारी बहुतेक दुकाने बंद असतात, त्यामुळे शनिवारी पोहोचणाऱ्याने लगेच दूध, पाव, भाजी आणून ठेवावी.

कामाच्या पद्धतीत मोठा फरक जाणवतो. ज्येष्ठ शास्त्रज्ञांनाही पहिल्या नावाने हाक मारतात, आणि बैठकीत गप्प बसलेला विद्यार्थी आदर दाखवत आहे असे कोणी समजत नाही. त्याने वाचलेले नाही असे समजतात. तुमचा मतभेद असेल तर कारणासह मांडावा. पहिल्या दोन आठवड्यांत प्रश्न लहान करून घ्यावा. सर्वच जण मोठा प्रस्ताव घेऊन येतात, आणि जे तो लवकर छाटतात त्यांचेच काम ऑगस्टपर्यंत पूर्ण होते. दर आठवड्याला मार्गदर्शकांना अर्ध्या पानाचा लेखी अहवाल पाठवावा : काय केले, कुठे अडले, पुढे काय. इंग्रजी बोलताना अडखळणारे तिथे पुष्कळ असतात, इटली, चीन, ब्राझीलचेही, आणि त्याबद्दल कोणी कमी लेखत नाही. दुपारच्या जेवणाला मात्र स्वतःच्या खोलीत जाऊ नये, सर्वांबरोबर बसावे. पुढील सहकार्याची बोलणी बहुतेक त्याच टेबलावर होतात.

११. परतल्यावर

जाताना-येतानाचे सर्व बोर्डिंग पास जपून ठेवावेत. अनुदान देणाऱ्या संस्था प्रवासाच्या बिलाबरोबर ते मागतात. १२ ऑक्टोबर २०२५ पासून युरोपातील सीमांवर पासपोर्टवरच्या शिक्क्याऐवजी इलेक्ट्रॉनिक नोंद टप्प्याटप्प्याने सुरू झाली असल्याने प्रवासाचा कागदी पुरावा म्हणून बोर्डिंग पासचे महत्त्व अधिकच वाढले आहे. तिकिटाची पावती, सहभागाचे प्रमाणपत्र आणि उपयोगिता प्रमाणपत्र (अनुदान कशावर खर्च झाले याचे) हे परतल्यापासून महिन्याभरात महाविद्यालयाच्या कार्यालयात देऊन पोच घ्यावी. शोधनिबंध तयार होत असेल, तर लेखकाच्या नावाखाली यजमान संस्थेबरोबर आपल्या महाविद्यालयाचे पूर्ण नावही लिहिले आहे ना, हे पहिल्याच मसुद्यात पाहावे. निबंध छापून आल्यावर ते बदलता येत नाही. आणि पुढच्या सप्टेंबरमध्ये, नव्या वर्षाच्या मुदती जाहीर झाल्या की, तुमचा अर्ज, प्रस्ताव आणि कागदपत्रांची यादी विभागाच्या ग्रंथालयात ठेवून ती कुठे आहे हे खालच्या वर्गातील विद्यार्थ्यांना सांगावे.